टॉर्चचा कागद

आम्ही तिघी जावा. धाकटीचा दुसऱ्यांदा गर्भ पडला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. तिचं नाव टॉर्च. आम्हाला वाटलं, बॅटरी लावून आत बघतात की काय! पण ती आजारांची आद्याक्षरं होती. शेवटचं ‘एच’, म्हणजे हर्पीस. त्याच्यापुढे ठळक छापून आलं होतं, ‘पॉझिटिव्ह’.

तिच्या नवऱ्याने मोबाईलवर नाव शोधलं. ‘लैंगिक संबंधातून होणारा रोग’ एवढंच वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. अम्मी म्हणाल्या, “कां से लाई गे ये बीमारी?” त्या रात्री धाकटी स्वयंपाकघरात झोपली. तलाकचा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो घरात फिरत होता.

चौथ्या दिवशी आम्ही तिघी एसटीने जिल्ह्याच्या गावी बाईडॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, खाली कधी फोड, जखम, आग? कधीच नाही. ओठावर? ते तर लहानपणापासून, ताप आला की उठायचे. बाईंनी चष्मा काढला. हर्पीसचे विषाणू दोन, म्हणाल्या. पहिला बहुधा लहानपणीच, घरातल्या कुणाच्या लाळेतून येतो. दुसरा मुख्यतः संबंधातून. एकदा शिरला की मज्जातंतूंत आयुष्यभर दडून राहतो. या कागदावरची ‘आयजीएम’ चाचणी दोघांतला कोणता हे खात्रीने सांगत नाही, आणि कुणाकडून आला हे तर कुठलीच रक्तचाचणी सांगत नाही. गर्भ पडण्याचं खापरही यावर फोडता येत नाही.

मग साखर तपासतो तसं सगळ्याच बायकांनी हे तपासून घ्यावं का? बाई नको म्हणाल्या. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानेही 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी नको असंच सांगितलं आहे. पॉझिटिव्ह आलेल्यांतले जवळजवळ निम्मे निकाल खोटे असू शकतात. अशा एका खोट्या कागदावर किती घरं मोडतील, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. रोग मात्र दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 मध्ये 15 ते 49 वयाच्या सुमारे 84 कोटी 60 लाख लोकांना जननेंद्रियांचा हर्पीस होता. त्यात बायका पुरुषांहून जास्त. बहुतेकांना पत्ताही नसतो.

जपायचं ते बाळंतपणात. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला मोठा धोका. जुनी असेल तर फार कमी. फोड आले की तेव्हाच दाखवावं, त्यातल्या पाण्याची तपासणी होते, गोळ्या मिळतात. कळा सुरू होताना जखम असेल तर सिझर करतात. पण त्यासाठी आधी सांगावं लागतं, आणि आमची तोंडं नेमकी तिथेच शिवलेली.

परतीच्या एसटीत थोरली बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “मेरे कू होते वो. सोला साल हो गए. गर्मी समझ के सब्जा पीती रही.” तिन्ही बाळंतपणांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी पोचल्यावर कागद अम्मींपुढे ठेवायला आम्ही तिघी मिळून गेलो. थोरलीचं मात्र अजून तिघींतच आहे.