सोळा दिवस, पाच मुक्काम

आपल्या समाजातील बहुतेक घरांत प्रवास म्हणजे यात्रा, हेच समीकरण वर्षानुवर्षे चालत आले आहे. सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ, गिरनार. बसभर नातलग, पहाटे तीनचा गजर आणि परतल्यावर गावजेवण. तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार दांपत्यानेही छत्तीस वर्षांच्या संसारात असेच प्रवास केले. गावात सारे त्यांना अण्णा आणि काकी म्हणतात. केवळ दोघांनी, केवळ पाहण्यासाठी घर सोडण्याचा योग त्यांना प्रथमच आला, तो पोर्तुगालच्या निमित्ताने. एप्रिलची खरड छाटणी उरकली, पुढची कामे मुलाने अंगावर घेतली आणि चातुर्मासापूर्वी परतायचे या बोलीवर दोघे निघाले. काकींची अट एकच होती : बारा दिवसांत सात देश नकोत. म्हणून पुण्याच्या लेकीने सोळा दिवसांत पाचच मुक्काम आखून दिले.

निघताना घरात एक प्रश्न मात्र अनिर्णित राहिला होता. थॉमसनची जुनी बाग काढून तेथे वाइनच्या जातीची लागवड करावी, एक कंपनी करार करून सगळा माल उचलण्यास तयार आहे, असे मुलाचे म्हणणे होते. अण्णांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मद्याला त्यांनी जन्मात स्पर्श केला नव्हता. परंतु कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा विचार करायचा तर मद्यासाठी पिकवणे कोणत्या खात्यात जमा धरावे, हे त्यांना उमगत नव्हते. काकींना कोणी विचारले नव्हते. बागेचे सारे हिशेब त्यांच्याच वहीत असतात, ही गोष्ट घरातल्या पुरुषांना अशा वेळी हटकून आठवत नाही.

लिस्बनला पोहोचल्यावर घरमालकिणीने हातावर किल्ली ठेवत जो शब्द उच्चारला तो ‘शाव्ह’सारखा ऐकू आला. काकी लगेच म्हणाल्या, “अहो, चावी म्हणते आहे ती!” चावी, पाव, पगार, बटाटा हे शब्द मराठीत याच भाषेतून आले. टेकड्यांवर वसलेल्या या शहराचा सखल मध्यभाग मात्र सरळ रेषांनी आखलेला आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी झालेल्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने व समुद्राच्या लाटांनी तो भाग नाहीसा केला. पुढे पोंबालचा मार्क्विस या नावाने ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने तो नव्याने उभारला. बेलेमच्या मठात वास्को द गामाची समाधी आहे. तिच्यापाशी अण्णा थोडा वेळ थांबले आणि वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी 1739 साली घेतला, एवढेच बोलून पुढे निघाले.

भोजनाची चिंता सोबत होतीच. त्या शहराची प्रसिद्ध गोड पेस्ट्री अंड्याच्या बलकाची, आणि हिरव्या सूपमध्ये बटाटा. काकींना कंदमुळांचा त्याग आहे. छोट्या कुकरमध्ये खिचडी शिजे, जोडीला जयसिंगपूरचे भडंग आणि बाजारातल्या चेरी. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मात्र तेथे जितका सुखाने पाळला गेला तितका तासगावातही पाळला गेला नसेल. जूनमध्ये लिस्बनचा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो.

नाझारे या किनाऱ्यावरच्या गावी मुक्काम तीन दिवसांचा होता, तो फार झाला. समुद्राखालच्या खोल दरीमुळे हिवाळ्यात येथे अजस्र लाटा उसळतात. उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर वाळूत मासे वाळत घातलेले असतात. काकींनी ती वाट टाळली आणि दोघांनी बराचसा वेळ कड्यावरच्या जुन्या वस्तीत, वाऱ्यात बसून घालवला. त्यात वाईट काही नव्हते. घरी दोघांना दिवसाउजेडी एका बाकावर बसल्याचे आठवत नव्हते.

कोइंब्रा येथे मात्र दिवस अपुरे पडले. तेथील विद्यापीठाची स्थापना 1290 सालची. अठराव्या शतकातील ग्रंथालयात सोनेरी नक्षीची कपाटे छतापर्यंत पोहोचली आहेत, आणि त्या ग्रंथांचे राखणदार आहेत वटवाघळे. ती रात्री बाहेर पडून कागद खाणारे कीटक टिपतात; त्यांची घाण पडू नये म्हणून सायंकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात. नेमकी त्याच आठवड्यात श्रुतपंचमी होती. गावच्या मंदिरात त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढून स्वच्छ करतात आणि नवी वेष्टने बांधतात. काकींनी ती वेष्टने अनेक वर्षे शिवली आहेत. चामडे आणि कीटकांची हत्या, दोन्ही त्यांना रुचले नाही. तरीही ग्रंथासाठी इतकी शतके रोज कोणीतरी रात्रीची तयारी करते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

वाटेत आवैरूची मिठागरे पाहून दोघे पोर्तोला गाडी बदलून डोरो नदीच्या खोऱ्यात शिरले. रुळ नदीच्या काठाने जातो आणि दोन्ही बाजूंना डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले दिसतात. लिस्बन नव्याने बांधणाऱ्या त्याच मंत्र्याने 1756 साली या द्राक्षप्रदेशाच्या सीमा आखून दिल्या. जमीन म्हणावी तर ती नाहीच. पापुद्र्यांचा खडक फोडून मळे केलेले. खडकाच्या उभ्या भेगांतून मुळे खोल जातात आणि ओल शोधतात. टँकरने पाणी घालून बाग जगवलेले अण्णा खाली बसून तो दगड हातात फिरवत राहिले.

मधूनमधून काही पायऱ्या ओसाड होत्या. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने बागा गेल्या, त्या काही ठिकाणी पुन्हा लागल्याच नाहीत. उरलेल्या वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधून. अण्णांच्या बागेतही डॉगरिजचा खुंट आहे. पण तेथील काही वेली ऐंशी-नव्वद वर्षांच्या होत्या, आणि त्यांची स्वतःची जुनी बाग अठराव्या वर्षी काढायची चर्चा चालली होती.

मळा दाखवणारा तरुण एका लहान शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने पायांनी द्राक्षे तुडवण्याचे दगडी हौद दाखवले. आंबवण अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षांचाच कडक अर्क मिसळला की साखर शिल्लक राहते आणि पोर्ट वाइन गोड होते, असे सांगितले. पेले पुढे आले तेव्हा दोघांनी हात जोडले. त्याने काही न विचारता बदाम आणि ऑलिव्हची थाळी आणून ठेवली.

मग काकींनी अण्णांना दुभाषा केले. “त्याला विचारा, द्राक्षांचा दर कोण ठरवतो?”

पोर्टसाठी दरसाल किती द्राक्षे वापरायची याची मर्यादा ठरवली जाते, तरुण म्हणाला. प्रत्येक मळ्याला गुण देऊन अक्षरांची श्रेणी लावलेली असते, आणि त्यावर त्याचा वाटा ठरतो. मर्यादेबाहेरच्या मालाला भाव कमी. आपले वडील पेटीत माल भरतात आणि खरेदीदार देईल तो दर घेतात.

“आणि नाही परवडला तर?”

तरुणाने नुसते खांदे उडवले.

पिन्यांव स्थानकावर परतताना काकी बोलल्या. “व्रताचं तुमचं तुम्ही ठरवा, माझं ठरलेलं आहे. पण हिशेबाचं सांगते. आपल्या थॉमसनला व्यापाऱ्याने भाव पाडला तर आपण बेदाणा करतो, कोल्ड स्टोरेजला ठेवतो, चार महिन्यांनी तासगावच्या सौद्यात नेतो. ती बियांची बारीक द्राक्षं कोण खाणार, आणि त्यांचा बेदाणा कोण घेणार? दोन वाटा असलेलं पीक काढून एकाच दारात उभं करणारं पीक कशाला लावायचं?”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. छत्तीस वर्षांत त्यांनी वही अनेकदा मागितली होती. वही लिहिणारीला काय वाटते, हे विचारले नव्हते.

“मुलाशी तूच बोल,” ते अखेर म्हणाले.

“बोलेन. पण आज नको, तिकडं आता मध्यरात्र झाली असेल. उद्या पोर्तोहून.”

स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रे होती : डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, नदीतल्या होड्या, पिंपे. गाडीला अजून अर्धा तास होता आणि सूर्य डोंगरावर चांगला हातभर वर होता. काकींनी भडंगाची पुडी सोडली आणि एकेका चित्रातल्या बाया मोजायला सुरुवात केली.