११ डिसेंबरपर्यंत, वर्ड किंवा पीडीएफमध्ये

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा वेबसाइटवर टाकला. कुणाला काही म्हणायचं असेल तर ११ डिसेंबरपर्यंत ईमेलने कळवा, वर्ड किंवा पीडीएफमध्ये, असं सोबत सांगितलं. कायदा करण्याआधी मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. ते पाळलं गेलं, तक्रार नाही.

पण नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य हे दिवस आमच्या कामठ्यात काय असतात, ते मंत्रालयाला ठाऊक नसावं. बांध्यांत धानाचे कडपे पडलेले असतात. आभाळ जरा काळवंडलं की सगळं घर भारे बांधायला धावतं. पुंजणे रचायचे, मळणी यंत्राचा नंबर लावायचा, बारदाना शोधायचा, खरेदी केंद्रावर ऑनलाइन नोंदणी करायची. गोंदिया जिल्हा धानावर जगतो, आणि धानाचा शेतकरी वर्षात सगळ्यात जास्त गुंतलेला असतो नेमक्या त्याच महिन्यात त्याला बियाण्याबद्दल त्याचं मत विचारलं गेलं.

मी तो मसुदा मोबाइलवर उतरवून घेतला तो मोठ्या बाबांमुळे. त्यांना बियाण्याच्या कायद्यात रस असण्याचं कारण साधं आहे. दोन खरिपांपूर्वी त्यांनी बंद पिशवीतलं, टॅग लावलेलं, पावतीचं बियाणं घेतलं. पऱ्हे चांगले आले, रोवणा वेळेत झाला. मग एकाच बांधीत काही धान निसवला आणि काही नुसताच हिरवा उभा राहिला. वीस-बावीस दिवसांचा फरक. लवकर पिकलेला धान झडायला लागला तेव्हा उरलेल्यात दूध भरत होतं. आधी कापावं तर अर्धं पोचट, थांबावं तर अर्धं जमिनीवर. भेसळ म्हणतात ती हीच.

तक्रार केली. तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला, पिशवी आणि टॅग आहे का विचारलं. दोन्ही होतं, कारण मोठी आई चांगली पिशवी कधी फेकत नाही, तिच्यात मिरच्या भरते. कंपनीचा माणूस आला, बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून हवामानावर बोलला आणि गेला. त्यानंतर काही नाही. ग्राहक मंचात जा, असं कुणीतरी सुचवलं. मोठे बाबा म्हणाले, "वकिलाले देऊ का मजुराले देऊ?"

तर एका रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना मसुदा वाचून दाखवायला बसलो. माझ्याकडची प्रत इंग्रजीत होती, एकेक कलम मराठीत सांगत गेलो. हा कायदा १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी येणार. २००४ सालीही एक विधेयक राज्यसभेत आलं होतं, स्थायी समितीकडेही गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१९ चा मसुदाही तसाच राहिला. म्हणजे गेली वीसेक वर्षं बियाण्याचा नवा कायदा येतोच आहे.

मसुद्यातल्या काही गोष्टी त्यांना मनापासून आवडल्या, आणि मलाही. विकायच्या वाणांची नोंदणी सक्तीची. पिशवीवर क्यूआर कोड, म्हणजे बियाणं कुठे तयार झालं आणि कुठून कुठे गेलं ते कळावं. गंभीर गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यातल्या दंडाच्या रकमा आज वाचल्या तर हसू येतं, त्या मानाने हे बरंच झालं.

"तीस लाख," मोठे बाबा म्हणाले. "थे कोनाले भेटतीन?"

सरकारला. दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याच्या बांधीत दोन तऱ्हेचा धान उभा राहिला त्याला काय, कोण देणार, किती दिवसांत, हे मी पुन्हा पुन्हा शोधलं. सरळ, ठरलेल्या मुदतीत भरपाई मिळवून देईल अशी वाट मला मसुद्यात सापडली नाही. म्हणजे त्याने पुन्हा ग्राहक मंचाचीच पायरी चढायची.

तो रस्ताही शेतकऱ्यांना फुकट मिळालेला नाही. बियाणं महामंडळ आणि कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या की शेतकरी हा ग्राहकच नव्हे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात तो ग्राहक असल्याचं स्पष्ट केलं. त्यात एक मुद्दा असा होता की शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत का दिला नाही. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो, पुढे खटला लढायचा म्हणून तो मूठभर बाजूला काढून ठेवत नाही. हे मी सांगितलं तेव्हा मोठे बाबा पहिल्यांदा हसले.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. कापसाच्या बियाण्यासाठी महाराष्ट्राचा २००९ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात शेतकऱ्याला भरपाईची तरतूद आहे. म्हणजे असं कलम लिहिता येत नाही असं नाही. यवतमाळच्या कापसासाठी लिहिलं, गोंदियाच्या धानासाठी नाही.

मोठ्या आईचा प्रश्न वेगळाच निघाला. ती इतका वेळ सूप घेऊन बाजूला बसली होती. घरच्या खाण्यासाठी ती थोडा चिन्नोर राखते, दरवर्षी चांगल्या लोंब्या निवडून बी बाजूला काढते. शेजारची कुणी मागायला आली की पायलीभर देते, कधी बदल्यात, कधी पैशाने. हे चालेल का?

चालेल. शेतकऱ्याने स्वतःचं बी राखावं, पेरावं, अदलाबदल करावी, विकावं, याला मसुद्यात मोकळीक आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातही तो हक्क दिलेला आहे. शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांना नोंदणीची सक्तीही नाही. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचं नाही.

"मंग काय म्हणून द्यायचं? चिन्नोरले चिन्नोर म्हनायचं नाही?"

वाणाचं नाव म्हणजे ब्रँड नव्हे, असं मी म्हणालो. तसं मला वाटतं. पण ही रेघ कुठे संपते हे आमच्या भागात विचारावं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे दीड एकराचे शेतकरी होते, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये त्यांना आपल्या पटेल-३ धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवड करत गेले आणि एक बारीक, चवीचा वाण उभा केला. तेव्हा एचएमटी घड्याळांचा जमाना होता, धानाला तेच नाव चिकटलं. आज देशभर किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मिळतो. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वाणाने जेवढा व्यापार झाला त्यातलं त्यांच्या पदरात फारच थोडं पडलं.

आता समजा आजचा एखादा दादाजी आपल्या घरच्या पोत्यावर खडूने नाव लिहून बाजारात बसला. ते नाव वाणाचं की ब्रँडचं? कायद्यात हे एका ओळीत लिहून टाकता येईल. लिहिलं नाही तर कधीतरी एखादा निरीक्षक आपल्या समजुतीने ठरवेल, आणि निरीक्षकापुढे कंपनीचा वकील उभा राहतो तसा दादाजी उभा राहू शकत नाही. मसुद्यात किरकोळ गुन्ह्यांना तुरुंग ठेवलेला नाही, व्यवसाय सुलभ व्हावा म्हणून. छान आहे. सुलभतेतली थोडी इकडेही वळवावी.

कायदे इथवर पोचत नाहीत असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. कामठा ही मोठी जमीनदारी होती. आमचा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती तेव्हा, १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ती संपली. आमच्या बांध्या आमच्या नावावर आहेत त्या एका कायद्यामुळे. म्हणून विधेयक आलं की फक्त शिव्या घालून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. वाचावं. कंटाळवाणं असतं, तरी वाचावं. संसदेत आलेलं विधेयक समितीकडे गेलं तर समितीही सूचना मागवते, तिथेही लिहिता येतं.

आम्ही १० डिसेंबरला रात्री लिहिलं. मोठ्या बाबांनी सांगितलं, मी वहीच्या दोन पानांवर मराठीत लिहिलं, त्यांनी सही केली. मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली, कारण पीडीएफ चालेल असं म्हटलं होतं. पहिला मुद्दा, बियाणं खोटं निघालं तर पंचनाम्यापासून ठरावीक दिवसांत भरपाई, आणि ती कंपनीकडून वसूल करून शेतकऱ्याच्या खात्यात. दुसरा, पिशवी-टॅग हरवला तरी पावती आणि पंचनामा पुरावा धरावा. तिसरा मोठ्या आईचा, वाणाचं नाव घेणं म्हणजे ब्रँड नव्हे असं कलमातच लिहावं.

चौथा मुद्दा त्यांनी शेवटी, मी पाठवायच्या बेतात असताना घालायला लावला. धानकापणीच्या महिन्यात शेतकऱ्याचं मत मागू नये. मग कधी मागावं, मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. जुलैत रोवणा, त्यामुळे तेव्हा नाही. उन्हाळी धान लावला असेल तर एप्रिलही नाही.

"मे महिन्यात लिही," ते म्हणाले. "दुपारी. तवा कोनीबी घरीच रायते."