ऊसबिल आणि बारा महिने

हिरण्यकेशीकाठच्या गडहिंग्लज तालुक्यात घरखर्चाचा हिशेब पगारदाराच्या महिन्याने मांडता येत नाही, कारण येथील अनेक शेतकरी कुटुंबांत दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, उसाचे वर्षातून एकदा, आणि शाळेची फी, खते व दवाखाना यांपैकी कोणीही या दोन्ही बिलांची वाट पाहत नाही. पैसा हाताशी असणे याचा येथील अर्थ या वेगवेगळ्या तारखांचा मेळ कागदावर घालता येणे हाच होय.

त्यात अवघड भाग ऊसबिलाचा. केंद्र सरकार ठरवते त्या किमान दराला रास्त व किफायतशीर दर किंवा एफआरपी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसाच्या वजनात निघणाऱ्या साखरेच्या तेवढ्या प्रमाणाला, तो टनामागे ३,४०० रुपये होता, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत तो देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. समजा, खोडव्याचा, म्हणजे आधीच्या तोडणीच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला, ४० टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये पडले, तर बिल १,२०,००० रुपयांचे होते. त्यातून विकास सेवा सोसायटीच्या पीककर्जाचे ७०,००० परस्पर वळते झाले की खात्यावर ५०,००० उरतात, आणि ते बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये येतात. बँकेच्या पुस्तकात मात्र एकाच ओळीत पन्नास हजार दिसतात, आणि वर्षभर अडलेली छपराचे पत्रे, लग्नाचा आहेर, गाडीचा हप्ता ही सारी कामे त्याच आठवड्यात आठवतात. याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. वर्षातून एकदाच भरलेले खाते पाहणाऱ्या माणसाने तुंबलेली कामे उरकावीत, यात अस्वाभाविक काही नाही. पण पावसाच्या तोंडावर हात रिकामा होतो आणि हातउसनवारीने भागले नाही की शेकडा तीनने पैसे उचलावे लागतात. हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे, हे बोलताना विसरले जाते. वर्षाला तो ३६ टक्के होतो. उलट, तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र व राज्य शासनाच्या व्याजसवलतींमुळे ते बिनव्याजी पडते. म्हणून सोसायटीची तारीख कधीही चुकू न देणे, ही या भागातली सर्वांत मोठी बचत होय.

दुधाच्या बिलाला असा धोका कमी, कारण रक्कम लहान आणि फेरा जवळचा असतो. बाजारपेठेतल्या दुकानदाराची पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती ठेव, याच तत्त्वावर चालते. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ती सुरू केली, आणि तिचे बळ व्याजापेक्षा रोजच्या सवयीत आहे. एवढेच पाहावे की ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा नागरी सहकारी व जिल्हा बँकेतल्या ठेवींना मिळतो, पतसंस्थेतल्या ठेवींना मिळत नाही.

गोठ्याचे काम जिच्या अंगावर असते, त्या बाईला डेअरीच्या कार्डावरचे लिटर, फॅट आणि दर तोंडपाठ असतात, फॅट एखाद्या पॉइंटाने उतरले तरी तिच्या लगेच ध्यानात येते. पण सात-बारा, सोसायटीचे सभासदत्व आणि ऊसबिल बहुधा पुरुषाच्या नावावर असल्याने कर्ज किती फिटले हे पुष्कळदा तिला ठाऊकच नसते. दहा दिवसांचा हिशेब इतका नेमका ठेवणारी बुद्धी वर्षाच्या हिशेबाबाहेर राहते, हे त्या घराचे फार मोठे नुकसान आहे. यंदाचे बिल जमा होईल त्या संध्याकाळी ऊसबिलाची चिठ्ठी आणि सोसायटीचा खातेउतारा तिच्यापुढे ठेवावा, आणि बारा महिन्यांची वाटणी तिच्या हातून मांडून घ्यावी.