रमी बंद झाली, आमच्या घरी चालू आहे

रमी म्हटलं की हल्ली माणसं आधी आवाज खाली करतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी रमी चालते. पत्त्यांची नाही, सोंगट्यांची. खोक्यावर रमीक्यूब लिहिलेलं असतं. १ ते १३ आकडे, चार रंग, प्रत्येक सोंगटी दोनदा, वर दोन जोकर, म्हणजे एकूण १०६. मंडळी नेहमीची: सासूबाई, आमचे हे, शेजारचे काका-काकू आणि माझ्या नणंदेचा मुलगा. चारच जणांचा खेळ असल्याने एकाला आळीपाळीने चहा करावा लागतो. तो एक बहुतेक वेळा मीच असते, ते जाऊ दे.

मी पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरला बसते. पूर्वी कर्जाचं कारण विचारलं की बियाणं, दवाखाना, पोरीची फी असं सरळ उत्तर यायचं. गेल्या चार-पाच वर्षांत पंचविशी-तिशीतली पोरं बायकोचं नाहीतर आईचं गंठण घेऊन यायला लागली आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहायला लागली. मान खाली, हातात मोबाइल. आमच्या शिपायालाही कळायचं कसली अडचण ते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. लोकसभा एक दिवस, राज्यसभा दुसरा दिवस, राष्ट्रपतींची सही तिसरा दिवस. तेव्हा आमच्याकडे एकाने चक्क पेढे आणले. त्याच्या आदल्या महिन्यात राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळताना दिसतात अशी चित्रफीत सगळीकडे फिरली होती. आपण खेळत नव्हतो, मध्ये आलेली जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर मी काही बोलत नाही.

'घरगुती' लिहिणाऱ्यांत आमचा भाचाही होता, फक्त तो आमच्या संस्थेत आला नाही. दुसरीकडे गेला. साडेचार लाख. कळलं तेव्हा घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

त्यामुळे सासूबाईंनी त्याला रविवारी सोंगट्या खेळायला बोलावलं तेव्हा नणंदबाई भडकल्या. "आई, अगं त्याच्या हातात परत रमी देतेस? दारू सोडवायला ताडी पाजल्यासारखं झालं हे!" मलाही मनातून तेच वाटत होतं. सासूबाई सोंगट्या पालथ्या घालत शांतपणे म्हणाल्या, "ही नऊ वाजता डब्यात जाते गं. ती जात नव्हती."

हा खेळ काढला एफ्राइम हर्टझानो नावाच्या गृहस्थांनी. मूळचे रुमानियाचे, पुढे इस्रायलला गेले. पहिले संच घरीच हाताने बनवले आणि विकले. १९८० मध्ये जर्मनीत त्याला 'वर्षातला उत्तम खेळ' हा मान मिळाला. मुळात आपली रमीच आहे. तीन-चार सारखे आकडे वेगवेगळ्या रंगांत, नाहीतर एकाच रंगाची ओळ. प्रत्येकाला १४ सोंगट्या. पहिल्यांदा उतरायचं तर स्वतःच्या हातातून किमान ३० गुण जमवायला लागतात, तोपर्यंत उचलत बसा. आमचे हे कायम उचलतच असतात.

पण पत्त्यांच्या रमीत नाही अशी एक गोष्ट यात आहे आणि माझा जीव तिच्यावरच आहे. एकदा उतरलात की टेबलावरचं सगळं सगळ्यांचं. समजा काकांनी निळे ४-५-६-७ मांडलेत आणि तुमच्याकडे लाल ७ आणि काळा ७ आहे. काकांच्या ओळीतला निळा ७ उचला, तिघांचा सेट करा, मागे ४-५-६ शाबूत राहतात. काका "अहो, माझा सात!" म्हणतात, पण तो आता त्यांचा नसतो. अट एवढीच की तुमची पाळी संपताना टेबलावरची प्रत्येक ओळ, प्रत्येक सेट पुरा असला पाहिजे. मिनिटभरात जमलं नाही तर सगळं होतं तसं लावून ठेवायचं आणि दंड म्हणून तीन सोंगट्या उचलायच्या. मोडा हवं तेवढं, पण जोडून उठा. (आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणणाऱ्या ठेकेदाराला हा नियम लावायची फार इच्छा आहे.)

हिशेबही साधा. कुणी सुटला की बाकीच्यांच्या हातात उरलेले आकडे मोजायचे. एकाकडे १२, दुसऱ्याकडे २५, तिसऱ्याकडे ४१ उरले, तर त्यांना तेवढे वजा आणि जिंकणाऱ्याला ७८ अधिक. बेरीज शून्य. घरातलं घरात राहतं. जोकर हातात अडकला तर ३० चा फटका. भाच्यानेच एकदा हे जमा-वजा मांडताना मला सांगितलं, "मामी, तिकडे बेरीज कधीच शून्य यायची नाही." आलीच नसती. प्रत्येक डावात कंपनीचा कट होता. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी मिळून हरायचं हे आधीच ठरलेलं. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर या कंपन्यांनी जाहिरातीत नट उभे केले. कौशल्य आहेच, आम्हीही तेच वापरतो. पण तुमच्या कौशल्यातून रोज कमिशन कापणारा पाचवा माणूस टेबलाखाली बसलेला असेल तर त्या कौशल्याला काय करायचं? नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावले जातात का, एवढंच बघितलं. मला ते पटतं. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, ते तिकडे बघतील.

भाचा एका रविवारी म्हणाला, "दहा-दहा रुपये लावूया का? जरा मजा येईल." एकदम शांतता. काकूंनी माझ्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "लाव की. हरलास तर भांडी घासायची." तो ४१ ने हरला. घासली. धड घासली नाहीत, कढई मी परत घासली.

आता ज्यांच्या घरात असं काही चालू आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण काउंटरवर रोज तेच ऐकते. पहिली, या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोलीस धरतील म्हणून पोरगं गप्प बसलं असेल तर त्याला हे सांगा आणि कर्ज किती, कुणाचं, व्याज काय, हे एकदा कागदावर लिहून घ्या. दुसरी, मोठे थांबले म्हणून सगळं थांबलेलं नाही. परदेशातून चालणाऱ्यांच्या लिंक अजून मेसेजमध्ये येतात, 'पहिले हजार आमच्याकडून' म्हणून. भाच्याला गेल्या आठवड्यात तीन आल्या. त्याने त्या स्वतः मला दाखवल्या आणि माझ्यासमोर नंबर ब्लॉक केले. चौथी आली असेल तर मला माहीत नाही.

त्याचे अजून अकरा हप्ते आहेत. नणंदबाई अजून रविवारी येत नाहीत. एक जागा तशी मोकळीच असते, मी चहाला उठते तेव्हा.