शिदोरीचं वजन

आमच्या कोल्हारची प्रवरा उगम पावते रतनगडाच्या कुशीत. भंडारदऱ्याच्या १९२६ सालच्या धरणापलीकडे, रतनवाडीहून गड चढायचा. दोन रात्रींचं जेवण पाठीवरच न्यायचं!

आई त्यासाठी जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवते, एका जेवणाला एक. पहिल्या दिवशी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी. पुढे भाजलेले डाळ-तांदूळ, हळद-मीठ लावून, नुसते शिजवायचे. जड पिशवी आधी संपवायची, हा तिचा नियम.

गुडघ्यांमुळे तिने उगम कधी पाहिला नाही. यंदा सुईत दोरा मी ओवून दिला, टाके मात्र तिचेच. परतल्यावर तिला नदीचे फोटो दाखवायला बसलो, तर तिचा पहिला प्रश्न... "पुरलं का रे सगळ्यांना?"