आपाला घेऊन गणपतीपुळ्याला

निकाल वाटून झाले आणि शाळेच्या वर्गांना कुलपे लागली, की आमच्या घरात बॅगा भरायला सुरुवात होते. अम्मी-अब्बा हयात होते तोवर सुट्टी म्हणजे माहेर. दोघेही अल्लाहला प्यारे झाले आणि आता बहिणींची घरे हेच आमचे माहेर उरले आहे. मोठी आपा रत्नागिरीत, धाकटी चिपळूणला आणि आम्ही कोल्हापुरात. कोल्हापूरहून रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. आंबा घाट उतरला की हवा दमट होते, रस्त्याकडेला आंब्याच्या पेट्या दिसू लागतात आणि मुले विचारतात, "खालाचे घर आले का?"

दरवर्षी आम्ही तिथे काही ना काही पाहतो. रत्नदुर्ग पाहिला, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. थिबा राजवाडा तर दोनदा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच इंग्रजांनी आपल्या बहादूरशाह जफर यांना रंगूनला पाठवले होते आणि १८६२ मध्ये त्यांचा इंतकाल तिथेच झाला. इकडचा बादशाह तिकडच्या मातीत आणि तिकडचा राजा इकडच्या. मुलांना हा इतिहास पुस्तकापेक्षा राजवाड्याच्या गॅलरीत उभे राहून लवकर कळला.

यंदा गणपतीपुळे आणि मालगुंडचा बेत ठरला. रात्री जेवताना आमच्या मुलीने सहज विचारले, "खाला, तुम्ही तिकडे शेवटच्या कधी गेला होता?"

आपाने भाकरी थापता थापताच हिशेब केला. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. एकवीस वर्षे झाली."

घरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर! आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे आम्ही फिरून यायचो, तेव्हा दस्तरखान मांडलेले असायचे. मासे तळलेले, सोलकढी गार केलेली, सांदण उकडून तयार. "आपाच्या हाताची चव काही औरच," असे म्हणून आम्ही पोटभर जेवायचो. आम्ही किल्ले पाहत होतो तेव्हा आपा कुठे होती, हा प्रश्न एकदाही आमच्या मनात आला नव्हता. भावजी कुवेतला, घरात वयस्कर सासूबाई आणि वर मे महिन्यात पाहुण्यांची रीघ. आमची सुट्टी म्हणजे तिच्या कामाचा हंगाम होता.

"उद्या तूही येतेस," आम्ही म्हणालो. आपाचे उत्तर तयार होते, "अम्मांना कोण बघणार?" पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला, "मला कशाला बघायला हवे? मीसुद्धा येते." मग प्रश्नच मिटला.

धाकटी संध्याकाळीच मुलाला घेऊन आली होती. फजरच्या नमाजनंतर तिघी बहिणी मिळून स्वयंपाकघरात शिरलो. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, उकडलेली अंडी आणि टोपलीभर हापूस. मुलांच्या अब्बूंनी पाण्याच्या बाटल्या भरल्या, मुलांनी भांडी घासली. काम तासाभरात उरकले. सात वाजता ठरवलेली सुमो दारात उभी होती.

साखरतरचा पूल ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता जातो. आरे-वारेच्या चढावर गाडी आली आणि खाली दोन्ही बाजूंना निळे पाणी पसरले. आपाने खिडकीची काच खाली घेतली. सासूबाई "सुबहानअल्लाह" म्हणाल्या. बाकी गाडीत कोणी बोलले नाही.

गणपतीपुळ्याचे मंदिर अगदी समुद्राला लागून, पश्चिमेकडे तोंड करून आहे. मागच्या टेकडीलाच भाविक गणेशाचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा त्या साऱ्या टेकडीला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची आहे. दर्शनाची रांग लांब होती. आम्ही वाळूच्या बाजूने पुढे गेलो. मुले उंटावर बसली. पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही कडक होतो. हा किनारा दिसायला शांत असला तरी पायाखालची वाळू पटकन सरकते आणि खोली एकदम वाढते. इथे जीव गेले आहेत. सूचनांचे फलक वाचायचे, जीवरक्षकांचे ऐकायचे आणि गुडघ्याच्या पुढे जायचे नाही, हा नियम आम्ही मोठ्यांनीही पाळला. आपाने सलवार चिमटीत धरून पाण्यात पाऊल टाकले आणि लाट आली तशी लहान मुलीसारखी ओरडली. तिच्या मुलीने आईला असे ओरडताना पहिल्यांदाच ऐकले असावे.

तिथून मालगुंड जवळच. कृष्णाजी केशव दामले म्हणजेच कवी केशवसुत यांचा जन्म १८६६ मध्ये या गावात झाला. त्यांचे घर जपले आहे आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने शेजारी स्मारक उभारले आहे. मराठीत सुनीत आणणारा हा कवी पोटासाठी आमच्यासारखाच शाळामास्तर होता. नोकरीने त्यांना गावापासून दूर नेले, १९०५ मध्ये ते हुबळीला वारले. दूर असताना नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यांना उद्देशून त्यांनी कोकणच्या आठवणीची कविता लिहिली. ज्या बाईने लग्नानंतर माहेरचा रस्ता डोळ्यांपुढे आणला आहे, तिला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

तिथे कोरून लावलेल्या कविता वाचत आम्ही फिरत होतो. 'तुतारी'पाशी आपा थांबली. दोन ओळी तिने पाहून वाचल्या, पुढच्या न पाहता म्हटल्या. आवाज खणखणीत. आम्ही उर्दू शाळेत गेलो, आपा मराठी शाळेत. कविता पाठांतरात तिचा नंबर पहिला असे, हे आम्ही विसरून गेलो होतो. तिच्या मुलीला तर ठाऊकच नव्हते. "अम्मी, तू कधी सांगितले नाहीस," ती म्हणाली. आपा हसली, "कुणी विचारले नाही."

परतताना आरेच्या सुरूच्या झाडांखाली जानमाज पसरून जोहर अदा केली आणि जेवायला बसलो. भाकऱ्या गार झाल्या होत्या, चटणीत थोडी वाळू आली होती. आपा सर्वांबरोबर बसून जेवली, मधे एकदाही उठली नाही.

भगिनींनो, नातेवाइकांशी नाते जोडून ठेवा, त्यांची विचारपूस करा, हे आपल्या दीनने आपल्याला शिकवले आहे. म्हणून आपण सुट्टीत बहिणीकडे जातो. पण तिच्या घरी जाणे आणि तिच्यासाठी जाणे यात फरक आहे, तो आम्हाला यंदा कळला. या मे महिन्यात तुम्ही बहिणीकडे, नणंदेकडे, भावजयीकडे उतराल. निदान एक दिवस तिची चूल बंद ठेवा आणि गाडीत तिची जागा आधी धरा.

पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, चिपळूणला धाकटीकडे. तिने आत्ताच बजावले आहे, "ते बोंबील तुम्हीच घेऊन या."