कोळंबीवरचं भांडण आणि लंडनमधली भांडी

आमच्या चंदनसारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवापासून कोळंबी गाजतेय. तोच जुना फॉरवर्ड. 1906 साली लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकर कोळंबी तळत होते, तेवढ्यात गांधीजी आले, खायला नाही म्हणाले, मग सावरकर काहीतरी बोलले. काय बोलले ते प्रत्येक फॉरवर्डमध्ये वेगळं. लगेच दोन तट पडले, दोघांनी ग्रुप सोडला, एकाला अ‍ॅडमिनने समजूत काढून परत घेतलं. एवढी चर्चा पाण्याच्या टँकरवर झाली असती तर... असो.

मला त्या कोळंबीपेक्षा ते घर महत्त्वाचं वाटतं. श्यामजी कृष्णवर्मांनी 1 जुलै 1905 ला हायगेट भागात, 65 क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर, भारतीय विद्यार्थ्यांसाठी हे वसतिगृह सुरू केलं. साधारण 25 जणांची सोय. नाशिककडचे सावरकर, पारनेरचे बापट (तेच, पुढचे सेनापती), तमिळ मुलखातले व्ही. व्ही. एस. अय्यर, अमृतसरचे मदनलाल धिंग्रा अशी माणसं तिथे राहून गेली. चूल मात्र एक. आज तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो, 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य झालं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या चहाला तेव्हा जेमतेम 15 वर्षं झाली होती.

आणि स्वयंपाकघरातली माणसं इतिहासात दिसत नाहीत म्हणतात, तर या घराचा स्वयंपाकी चांगलाच दिसतो. चतुर्भुज अमीन त्याचं नाव. 1909 मध्ये 20 ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यात घालून मुंबईला आणली ती यानेच. त्यातल्याच एकाने अनंत कान्हेऱ्यांनी नाशकात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे अमीन माफीचा साक्षीदार झाला.

पण सगळ्यात वाचण्यासारखं जेवण 24 ऑक्टोबर 1909 चं. दसऱ्याचं. धिंग्रांनी कर्झन वायलीला मारून चार महिनेही झाले नव्हते, इंडिया हाऊसची मुलं पांगलेली, पोलीस मागावर. तरी लंडनमधल्या मुलांनी बेजवॉटरला जेवण ठरवलं आणि अध्यक्ष म्हणून गांधींना बोलावलं. धिंग्रांचं कृत्य त्यांना अजिबात मान्य नव्हतं. तरी ते हो म्हणाले. अट एवढीच की जेवण शाकाहारी हवं आणि वादाचं राजकारण बोलायचं नाही. मुलं स्वतः स्वयंपाकाला लागली. त्यातले एक, टी. एस. एस. राजन, पुढे लिहून गेलेत की दुपारी एक किरकोळ अंगाचा माणूस आला आणि मुकाट्याने भांडी घासायला, भाजी चिरायला बसला. संध्याकाळी कळलं की अध्यक्ष तेच! मग गांधी रामावर बोलले, सावरकर दुर्गेवर. दोघांनीही एकाच पंगतीत बसून आपापलं म्हणणं मांडलं. पटलं नाहीच, पण पानावरून कोणी उठलं नाही.

आता हे सगळं मला का आठवतंय ते सांगतो. माझा भाचा गेल्या सप्टेंबरात लेस्टरला शिकायला गेला. मुंबई-पुण्याच्याच मुलांच्या ग्रुपवर खोली शोधत होता. पहिला प्रश्न, व्हेज की नॉनव्हेज? दुसरा, पूर्ण नाव काय? आडनाव सांगितलं की समोरचा गप्प. तीन ठिकाणी असं झालं. पोरगा विरारच्या लोकलमध्ये लटकून कॉलेज केलेला, तो रडेल का? पण बहिणीला फोनवर म्हणाला, "आई, इथले गोरे आडनाव विचारत नाहीत गं."

लंडन-लेस्टर तरी कशाला, आपलं पवई बघा. 2023 मध्ये आयआयटीच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखीव केली. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड. कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी स्वतः श्रावण पाळतो. पण शेजारी बसलेल्याच्या ताटामुळे आपलं ताट विटाळतं हे शिकवायला एवढी मोठी संस्था लागते?

भाच्याला शेवटी घर मिळालं. सहा जण. दोघे तेलुगू, एक मलयाळी, एक पंजाबी, एक सुरतेचा जैन आणि आमचा हा. फ्रिजवर पाळ्यांचा कागद. जैन मुलाचा तवा वेगळा, तो कोणी घेत नाही आणि त्याचीही त्यावरून कुरकुर नाही. मासळी फक्त रविवारी, खिडकी उघडी ठेवून, आणि ज्याने केली त्यानेच कढई घासायची. वाद होतात ते मिठावरून आणि सिंकमध्ये कप टाकून जाणाऱ्यावरून.

ओळखीचं कोणीतरी तिकडे निघालंय, म्हणून बहीण काल आगाशीला सुकेळी आणायला गेली होती. अर्धा किलो पुरे म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली, "सहा तोंडं आहेत रे तिथे."